मुहूर्त नसलेल्या दिवशी

१२ जानेवारी

जागा मिळाली. जुना हॉल दुरुस्तीला काढल्यापासून दीड महिना मी पोरींना आमच्या इमारतीच्या गच्चीवर जिम्नॅस्टिक्स शिकवत होते. परवा खालच्या काकूंच्या वरणाच्या पातेल्यात छताचा पोपडा पडला आणि गच्चीला कुलूप लागलं.

बीड बायपासवर शुभघटिका नावाचं मंगल कार्यालय आहे. मालक काकासाहेब, साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, हातात सुरळी केलेली दिनदर्शिका. श्रीनिवासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ओळखीतले. त्यांनी सांगितलं, लग्न नसेल त्या दिवशी हॉल तुमचा, लग्न असेल त्या दिवशी सामान उचलायचं. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, पोरींनी जाताना झाडून घ्यावं. माणूस चिकट दिसतो. झाडणारीची मजुरी वाचवली.

दुपारी टेम्पोतून बीम आणला. पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, माझ्या छातीएवढा उंच. काकासाहेबांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"ह्याच्यावर पोरी चालत्यात?"

चालतात, उड्या मारतात, हातांवर उभ्या राहतात, मी सांगितलं.

"खाली जागा हाय की भरपूर," ते म्हणाले.

शिकवायला लागून सोळा वर्षं झाली. त्याआधी मी राज्यात बीमवर दोनदा पहिली आले होते. राष्ट्रीयला एकदाच गेले, सत्त्याण्णव साली. डावा घोटा दुखावला आणि तिथंच संपलं. हे सगळ्यांना माहीत आहे, वहीत लिहायचं खरं तर कारण नाही.

२० जानेवारी

शुक्राचा अस्त आहे. काकासाहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत एकही लग्न नाही. तीस वर्षांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये शुक्राशी माझा कधी संबंध आला नव्हता. आता सकाळी उठून तो उगवला नाही ना, ते बघते.

तनुजाची तयारी चांगली चालली आहे. तेरा वर्षांची आहे, लासूर स्टेशनहून आईबरोबर सकाळच्या गाडीनं येते. आई, आशाबाई, कोपऱ्यात बसून साड्यांना फॉल लावत राहतात. माझ्या चौदा पोरींत बीमवर उभं राहावं ते हिनंच. दहा मेला पुण्यात निवड चाचणी आहे. सहा मुली राष्ट्रीयला जाणार. आमच्या शहरातून माझ्यानंतर कुणी गेलेलं नाही.

८ फेब्रुवारी

शुक्र उगवला.

पहिलं लग्न काल झालं. बीम जड, म्हणून तेवढा स्टेजजवळ राहू दिला होता. आज सकाळी येऊन बघते तर त्याच्यावर रुखवत मांडलेलं. लोकरीची बदकं, सुपाऱ्यांची वरात, साखरेची मोटार. मोटार निम्मी हवेत होती, पण पडली नव्हती. नवरीच्या मावशी म्हणाल्या, असं उंच आणि अरुंद टेबल आम्हाला कुठंच मिळालं नाही, कुठून घेतलं?

दुपारी सामान गेलं तेव्हा बीमवर साखर चिकटली होती. तनुजा पाय ठेवील तिथं चिकटत होती. एकदाही पडली नाही, पण मी तो सराव धरला नाही.

२२ फेब्रुवारी

नवी व्यवस्था. साखरपुडा, बारसं अशी छोटी कार्यं असली की हॉलच्या मधोमध पडदा लावायचा. अलीकडे कार्य, पलीकडे आम्ही. पडद्यावर मोठ्या चंदेरी अक्षरांत "नांदा सौख्य भरे" लिहिलंय. आमच्या बाजूनं ते उलटं दिसतं.

आज एका आजोबांनी पडदा बाजूला करून बघितलं आणि तक्रार केली, की पोरींनी तंग कपडे घातलेत, कार्यात शोभत नाही. काकासाहेबांनी त्यांना हाताला धरून जिलबीकडे नेलं. मग परत येऊन एक तास आमच्याच बाजूला खुर्ची टाकून बसले. पोरींवर पाळत ठेवत असावेत. उठताना विचारलं, "पोरगी वरून पडली तर धरायला कोण असतं?" मी म्हटलं, मॅट असते. त्यांना ते उत्तर पटलेलं दिसलं नाही.

गोंगाट भयंकर. सनई, ध्वनिक्षेपक, बाळाचं नाव ठेवताना तर थाळ्याही वाजवल्या. मला त्याचा त्रास होत नाही. उडीच्या वेळी मी तशीही जास्त बघत नाही, पाऊल टेकल्याच्या आवाजावरून मला सगळं कळतं. पण त्या गोंगाटात तो आवाजही आला नाही.

१५ मार्च

एका फोटोवाल्यानं नवरा-नवरीला बीमवर उभं करायचं ठरवलं. मी आत येईपर्यंत दोघं वर चढले होते. नवरी नऊवारीत, बाशिंग बांधलेली, दोन्ही हात पसरून सरळ उभी. नवरा तिच्याकडे बघायला वळला आणि पडला. उरलेले विधी त्याला खुर्चीत बसवून केले. सप्तपदीला चौघांनी खुर्ची उचलली.

मुलाकडच्यांना कार्यालयावर तक्रार करायची होती. पण नवरीनंच सांगितलं, की मी नाही पडले, मग दोष लाकडाचा कसा? ते मिटलं. श्रीनिवासला सांगितलं तर खूप हसला. मग म्हणाला, तुझ्यासारखाच की, घोट्यावरच पडला. मी म्हटलं, माझा उजवा होता, ह्याचा डावा. श्रीनिवास वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, मागच्या खेपेला तुझा डावा होता.

मग वर्तमानपत्र परत उचललं.

२ एप्रिल

एक विचित्र गोष्ट कळली आहे. विश्वास बसेना म्हणून आज दोनदा तपासली.

सकाळी हॉलमध्ये कुणी नव्हतं. तनुजा बीमवर पाच वेळा चढली, पाच वेळा पडली. साध्या वळणावर. दुपारी शेजारच्या लॉन्सवर वरात आली, बँड सुरू झाला, आणि ही पूर्ण रचना करून खाली उतरली. बँड थांबला. मी म्हटलं, परत कर. पडली. मोबाइलवर बँड लावला. नाही पडली.

मी आशाबाईंना विचारलं, घरी अशीच आहे का?

"तिला सवय लागली इथल्या कालव्याची," त्या म्हणाल्या. "शांत झालं की तिला वाटतं सगळे आपल्याकडंच बघायलेत."

पुण्याचा हॉल मला माहीत आहे. तिथं टाचणी पडली तर ऐकू येते. मी तिला दोन महिने लग्नांत उभं केलं आणि आता पाच आठवडे राहिलेत. चूक माझी आहे. आणखी कुणाची असणार?

२१ एप्रिल

अक्षय तृतीया झाली. यंदा सतरा मेला अधिक महिना लागतोय, म्हणून त्याच्या आत उरकून घ्यायची सगळ्यांना घाई. बायपासवर दोन्ही बाजूंना वराती. काल रात्री घरी यायला सव्वा तास लागला, पुढं घोडा होता.

आपल्या हॉलचं मात्र मला कळत नाही. मी धरून चालले होते की वीस दिवस सरावच होणार नाही. तर काकासाहेब दिनदर्शिका दाखवतात आणि म्हणतात, उद्या मुहूर्त न्हाई, परवा बी न्हाई. शेजारच्या लॉन्सवर त्याच दिवशी दोन-दोन लग्नं. विचारलं तर म्हणाले, "त्यांचं पंचांग येगळं." असेल. आपल्याकडे पंचांगांत एकमत कधी नव्हतंच. आमचं भाग्य की ह्यांनी हे घेतलं.

बापलेकांचं काहीतरी बिनसलंय. त्यांचा मुलगा ऋतुराज आज ऑफिसात ओरडत होता, "पप्पा, हे चौथं हाय ह्या महिन्यातलं. चौथं!" काकासाहेबांना शुगर आहे. आइस्क्रीमचं असणार. मीही नंतर त्यांना म्हटलं, जिभेवर जरा ताबा ठेवा, मुलाला काळजी वाटते. ते दिनदर्शिकेची सुरळी करत म्हणाले, "व्हय मॅडम, ठिवतो."

२९ एप्रिल

शांततेची तालीम. खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, बाकीच्या तेरा पोरींना तोंडावर बोट ठेवून बसवलं. तनुजा पडली. तिच्या कानांत कापूस घातला. त्याच्यावर ओढणी बांधली. पडली, आणि शिवाय मी काय सांगतेय ते ऐकू येईना. कापूस काढला. पोरी हसायला लागल्या, तेवढ्या आवाजात तिनं वळण घेतलं, हसू थांबलं आणि पडली.

आशाबाई म्हणाल्या, "मी पुण्याला येते. मी म्हणीन मंगलाष्टका." लासूरला लग्नांत त्यांना म्हणायला बोलावतात, आवाज चांगला आहे, इथंही दोन लग्नांत काकासाहेबांनी त्यांना उभं केलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, ही राज्यस्तरीय चाचणी आहे. तिथं प्रेक्षकांनी खोकायचंसुद्धा नसतं.

आता खरं लिहिते, ही वही कुणी वाचत नाही. घोटा बरा होता. दोन्ही घोटे बरे होते. सत्त्याण्णवला मी बीमवर चढले, हात वर केले आणि सगळा हॉल शांत झाला. मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मग बसले, खाली उतरले, पंचांना नमस्कार केला आणि बाहेर जाऊन बूट घातले, नाडी बांधायला घेतली. सरांनी विचारलं काय झालं. नाडी हातात होती, म्हणून म्हटलं, घोटा.

तेव्हापासून घोटाच.

९ मे

उद्या पहाटे निघायचं. बस ठरवली होती, पण काकासाहेब म्हणाले, मला पुण्यात खुर्च्या बघायच्या आहेत, जीपमध्ये चला. मे महिन्यातला रविवार, अधिकाच्या आधीचा शेवटचा, आणि ह्यांचा हॉल रिकामा. लोक आता नोंदणी लग्नं करायला लागलेत बहुतेक. मला वाईट वाटलं त्यांच्या धंद्याचं. तसं बोलूनही दाखवलं. ऋतुराज तिथंच उभा होता, तो दार आपटून गेला.

१० मे, घरी आल्यावर

सगळं नीट लिहून ठेवायला हवं, कारण लेखी खुलासा पुन्हा मागतील.

तनुजाचा नंबर एकोणिसावा होता. हॉल थंडगार, एसीचासुद्धा आवाज नाही. गॅलरीत आशाबाई आणि काकासाहेब, आजूबाजूला बाकीच्या पालकांची गर्दी. तनुजानं पंचांना हात दाखवला, बीमवर चढली, दोन पावलं टाकली आणि थांबली. हात वर. तशीच.

त्या वेळी मला फार घाम आला होता.

मग वरून आशाबाईंचा आवाज आला. खणखणीत, पहिल्या ओळीपासून. खालून कुणीतरी शूः केलं. त्या थांबल्या नाहीत. आणि बीमवर पाऊल वाजलं. मग दुसरं. मग काही नाही, म्हणजे उडी, आणि परत पाऊल, अगदी हलकं. श्लोक संपताना आशाबाईंनी "शुभमंगल सावधान" म्हटलं, आणि गॅलरीतल्या चार-पाच पालकांनी निव्वळ सवयीनं हातातले फुटाणे खाली टाकले. ते मॅटवर टपटपले. दुसरा श्लोक सुरू झाला. पावलं सारखी, एकाही ठिकाणी घाई नाही. दुसऱ्या "सावधान"ला शेवटची उडी. दोन्ही पाय मॅटवर एकदम. एकच आवाज. मग टाळ्या.

पुढच्या मुलीला पंधरा मिनिटं थांबवलं. मॅटवरचे फुटाणे वेचले. मला पंचांनी आतल्या खोलीत बोलावलं.

मुख्य पंच शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, लग्न कुणाचं होतं?

कुणाचंच नव्हतं, मी म्हटलं.

"मग सावधान कुणाला म्हटलं?"

मी म्हटलं, ते नवरा-नवरीला असतं, पद्धत आहे. त्या म्हणाल्या, नवरा-नवरी हजर नसताना ते खेळाडूलाच लागू होतं. सावधान ही सूचना आहे. खेळाडूला बाहेरून सूचना देता येत नाही. अर्धा गुण कापतात. दुसरे पंच म्हणाले, ती दोनदा दिली. म्हणजे एक गुण. त्यावर तिसऱ्या पंचांनी विचारलं, की पूर्ण मंगलाष्टका झाल्या असत्या तर आठ वेळा कापणार होतात का? नियमावली काढली. तिच्यात घोषणा, शिट्टी, वाद्य, सगळं होतं, मंगलाष्टका नव्हत्या. मग एकांनी असा मुद्दा काढला, की "सावधान" म्हणजे स्थिर उभं राहा, आणि मुलगी तर त्यावर हलली, म्हणजे तिनं सूचना पाळली नाही, तर मदत झाली कशी? ह्यावर वीस मिनिटं गेली. मला लेखी खुलासा द्यायला लावला. मी लिहिलं, "सदर शब्द विवाहसंस्कारातील असून त्याचा जिम्नॅस्टिक्सशी संबंध नाही." सही केली.

शेवटी मुख्य पंचांनी मला विचारलं, तिसऱ्या उडीनंतर तिचा हात बीमला लागला का? आमच्यात दोन मतं आहेत, तुम्ही समोर होतात. मी म्हटलं, नाही लागला.

अर्धा गुण कापला. तनुजा सातवी आली, दोन दशांशांनी. राखीव. सहा जणींतली कुणी गेली नाही तरच.

येताना जीपमध्ये आशाबाई रडत होत्या, माझ्यामुळं पोरीचं गेलं म्हणून. तनुजा शेंगा खात होती. काकासाहेबांनी खुर्च्या बघितल्याच नाहीत. मी आठवण केली तेव्हा आम्ही नगरच्या पुढं आलो होतो.

१२ मे

मी सुट्टी दिली होती, तरी तनुजा आली. बीमवर बसून पाय हलवत राहिली. मी तिला सांगितलं, की तू छान केलंस, अर्धा गुण तुझ्या चुकीचा नव्हताच.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही डोळे मिटले होते."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"वर चढले तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही डोळे मिटले, म्हणून मला वाटलं काहीतरी वाईट होणार हाय. म्हणून थांबले."

मी म्हटलं, नंतर उघडले होते. सगळं बघितलं.

"मग तिसऱ्या उडीनंतर काय झालं?"

मी मॅटची कड सरळ करायला वाकले. ती रागावलेली नव्हती. "माझा हात लागला होता बीमला," ती म्हणाली, उतरली, झाडू घेतला आणि हॉल झाडून गाडीला गेली.

श्रीनिवासला सांगितलं नाही. रात्री जेवताना त्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, घोटा. मग म्हटलं, नाही, घोटा नाही. तो म्हणाला, ठीक आहे, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

१८ मे

कालपासून अधिक लागला. महिनाभर लग्न नाही. बायपास रिकामा, लॉन्सचे दिवे बंद, एकही बँड नाही. काकासाहेबांना विचारलं, पुढच्या हंगामात मुहूर्त किती? म्हणाले, कमीच हायत. मी घरच्या पंचांगात बघितलं तर भरपूर दिसतात. त्यांचं पंचांग एकदा मागून घ्यायला हवं. श्रीनिवासला हे सांगितलं तर तो पंचांग मिटून ठेवत म्हणाला, सुलेखा, त्यांना एकदा घरी जेवायला बोलाव.

तनुजा आज पहिल्या गाडीनं आली. आईला तिनं बाहेर पायरीवर बसवलं. पंखे तिनंच बंद केले. मी नेहमीच्या जागी, खांबाजवळ गेले तर म्हणाली, "तिथं नका मॅडम. समोर या."

मी समोर उभी राहिले. तिनं मला हात दाखवला, पंचांना दाखवतात तसा, आणि चढली. कुठंच काही आवाज नव्हता. डोळे मिटतात की काय असं वाटलं, म्हणून मी बोटांनी पापण्या धरल्या. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

दोन पावलं, उडी. बघितली. दुसरी उडी. तीही बघितली. मग ते वळण, जिथं ती शांततेत पडते. पडली.

पण आज मी तिला पडताना बघितलं. पाय जागेवर होता. पाय सुटायच्या आधी डावा खांदा खाली गेला होता. तीन महिने मी तिला पायांवरून बोलत होते, कारण ऐकू पायच येतात.

"खांदा," मी म्हटलं. "डावा. आधी तो जातो."

तनुजा मॅटवर बसूनच होती. तिनं डावा खांदा हलवून बघितला, वर, खाली, आणखी एकदा. मग म्हणाली, "हां, दिसला का मग तुम्हाला," आणि परत वर चढली.